हिमप्रतिरूपाची निष्ठा : टेबलावरील भूमिकाखेळांतील मायावी प्रतिरूपे आणि इच्छास्वातंत्र्याचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकातील पाश्चात्त्य कथासाहित्यात माणसाचे प्रतिरूप बहुधा मूळ माणसाच्या विरोधात उभे राहते. एडगर ॲलन पो यांच्या ‘विल्यम विल्सन’ (१८३९) या कथेत ते नायकाच्या दुष्कृत्यांच्या आड येते. दोस्तोयेव्हस्की यांच्या ‘द डबल’ (१८४६) मध्ये ते त्याची कचेरीतील आणि समाजातील जागा बळकावते. अँडरसन यांच्या ‘सावली’ (१८४७) या कथेत तर सावलीच धनी होऊन बसते आणि मूळ माणसाचा जीव जातो. प्रतिरूपाला स्वतःची इच्छा आहे काय, हा प्रश्न या कथांत वेगळा विचारावा लागत नाही, कारण त्याचे उत्तर बंडातच आलेले असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत उदयाला आलेल्या टेबलावरील भूमिकाखेळांनी मात्र एक निराळेच प्रतिरूप घडविले. ते मूळ व्यक्तीसारखे दिसते, मूळ व्यक्तीसारखे बोलते, आणि निर्मात्याची आज्ञा मोडू शकत नाही. त्याची ही आज्ञाधारकता कोणत्याही प्रसंगातून किंवा स्वभावचित्रणातून सिद्ध झालेली नसते. नियमग्रंथातील एका वाक्याने ती आधीच ठरवून टाकलेली असते. त्यामुळे या प्रतिरूपाच्या स्वातंत्र्याचा शोध त्याच्या मनात घेण्यापेक्षा त्या वाक्याच्या रचनेत आणि खेळाच्या टेबलावर घेणे अधिक फलदायी ठरते.

या खेळांचा परिचय साहित्याच्या सर्वच अभ्यासकांना असेल असे नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक खेळाडू एकेका पात्राच्या वतीने बोलतो आणि निर्णय घेतो; उरलेली सर्व पात्रे आणि त्यांची सृष्टी यांचा भार एक जण वाहतो. त्याला ‘डन्जन मास्टर’ म्हणतात. मराठीत त्याला सूत्रधार म्हणणे सोयीचे आहे, मात्र या सूत्रधाराच्या हाती संहिता नसते. त्याच्याजवळ असतात जाड नियमग्रंथ आणि फासे. कथा तोंडी घडते आणि बहुतेक वेळा टेबलावरच विरून जाते. अभ्यासकाच्या हाती उरतात ते नियमग्रंथ, आणि ते काळजीपूर्वक वाचण्याजोगे आहेत.

या खेळाच्या प्रगत आवृत्तीचा खेळाडूंसाठीचा ग्रंथ १९७८ मध्ये निघाला. त्यात प्रतिरूप घडविणारे दोन मंत्र आहेत. पहिल्याचे नाव ‘सिम्युलॅक्रम’. बर्फाची ओबडधोबड आकृती करायची, ज्याचे प्रतिरूप हवे त्याच्या शरीराचा काही अंश तिच्यात ठेवायचा, माणकाचे चूर्ण वापरायचे आणि मंत्र म्हणायचा. अशा रीतीने उभ्या राहिलेल्या प्राण्यात मूळ प्राण्याच्या जीवनगुणांपैकी ५१ ते ६५ टक्के गुण येतात. एवढ्याने तो केवळ चालते-फिरते प्रेत असतो. त्याच्यात प्राण ओतण्यासाठी एक आणि मूळ व्यक्तीचे ४० ते ६५ टक्के ज्ञान व व्यक्तिमत्त्व आणण्यासाठी दुसरा, असे आणखी दोन मंत्र लागतात. मात्र तो कितीही जिवंत झाला तरी सदैव निर्मात्याच्या संपूर्ण आज्ञेत राहतो. दोघांच्या मनांमध्ये कसलाही गूढ संबंध नसतो. आज्ञा तोंडाने किंवा अन्य मार्गानेच द्यावी लागते. दुसरा मंत्र ‘क्लोन’. यातील प्रतिरूप मांसाचे असते आणि त्याच्या ठिकाणी मूळ व्यक्तीच्या स्मृती व अनुभव असतात. आज्ञापालनाचा येथे उल्लेखही नाही. मूळ व्यक्ती आणि प्रतिरूप एकाच वेळी जिवंत असतील तर दोघांना एकमेकांच्या अस्तित्वाची जाणीव होते आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा नाश करावासा वाटतो. ते साधले नाही तर साधारण आठवड्याच्या आत ९५ टक्के शक्यतेने दोघांपैकी एक वेडा होऊन स्वतःला संपवतो (तो बहुधा प्रतिरूपच असतो, त्याची शक्यता ७५ टक्के), आणि ५ टक्के शक्यतेने दोघेही.

हे दोन मंत्र शेजारी ठेवून वाचले म्हणजे नियमकर्त्यांची एक न बोललेली धारणा दिसू लागते. पूर्ण प्रतिरूपाला पूर्ण इच्छा असते, आणि पूर्ण इच्छा असलेली दोन एकरूप माणसे एकत्र नांदू शकत नाहीत. निष्ठा हवी असेल तर प्रतिरूप अपुरे असले पाहिजे. ज्ञानाची ती कपात निष्ठेची किंमत म्हणूनच वाचावी लागते. याच ग्रंथात व १९७९ च्या सूत्रधारांसाठीच्या ग्रंथात भाडोत्री साथीदारांची निष्ठा टक्केवारीत मोजण्याची पद्धत दिलेली आहे: मूळ आकडा ५० टक्के, त्यात नायकाच्या व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाने, त्याच्या वागणुकीने, दिलेल्या मोबदल्याने वाढ किंवा घट. ज्याची निष्ठा फाशांवर तपासता येते तो सोडून जाऊ शकतो, म्हणून तो माणूस. बर्फाचे प्रतिरूप या मोजपट्टीवर चढतच नाही.

बर्फच का, याचा माग काढणे फारसे अवघड नाही. एडमंड स्पेन्सर यांच्या ‘द फेअरी क्वीन’ या महाकाव्याच्या १५९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या खंडात एक चेटकीण पळून गेलेल्या फ्लोरिमेलच्या विरहाने वेड्या झालेल्या आपल्या मुलासाठी खोटी फ्लोरिमेल घडविते. तिचे शरीर बर्फ, पारा आणि मेण यांचे असते आणि आत एक कपटी पिशाच्च बसविलेले असते. पुढे १५९६ मध्ये आलेल्या चौथ्या खंडात ही हिमकन्या अनेक सरदारांच्या भांडणाचा विषय होते, आणि तिनेच आपला वीर निवडावा असे ठरते. ती निवडते ब्रॅगडोकिओ या तोतया, बढाईखोर सरदाराला. पाचव्या खंडात खऱ्या फ्लोरिमेलशेजारी उभी करताच ती वितळते. एल. स्प्रेग डी कॅम्प आणि फ्लेचर प्रॅट यांनी १९४० मध्ये ‘द मॅथेमॅटिक्स ऑफ मॅजिक’ या कथेत आपल्या नायकांना याच काव्याच्या सृष्टीत धाडले. तेथे रीड चाल्मर्स हा प्रौढ मानसशास्त्रज्ञ बर्फाच्या फ्लोरिमेलच्या प्रेमात पडतो, आणि पुढच्या कथेत तिला खरी मानवी स्त्री कशी करता येईल याच्या शोधात असतो. गायगॅक्स यांनी १९७९ च्या ग्रंथाला जोडलेल्या वाचनयादीत डी कॅम्प व प्रॅट यांची ही कथामालिका आहे.

या वाटेवर काय गळले, हे पाहण्यासारखे आहे. स्पेन्सरच्या हिमकन्येला चेटकिणीने घडविले खरे, पण तिला आतून चालविणारे पिशाच्च वेगळे आहे, आणि निवडीचा क्षण येतो तेव्हा ती निवड करते. ती निवड नीतिदृष्ट्या हीन ठरावी अशीच कवीची योजना आहे. तरीही ती तिची आहे. चाल्मर्सची फ्लोरिमेल प्रेमविषय होते, म्हणजे तिच्या मनाचा विचार कोणाला तरी करावा लागतो. खेळाच्या नियमाने बर्फ ठेवले, पिशाच्च काढून टाकले आणि त्या रिकाम्या जागी निर्मात्याचा हुकूम बसविला. युद्धखेळातून जन्मलेल्या या प्रकाराला सैनिक हवा होता, नायिका नको होती, असे याचे स्पष्टीकरण देता येईल. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे, कारण पुढच्या आवृत्त्यांत तो हुकूमही बदलत गेला.

हा बदल मुख्यतः व्याकरणाचा आहे. १९७८ च्या ग्रंथात नियम तृतीय पुरुषात आहेत: जादूगार अमुक करतो, प्रतिरूप जादूगाराच्या आज्ञेत राहते. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून मंत्रांचे नियम वाचकाला उद्देशून द्वितीय पुरुषात लिहिले जाऊ लागले. प्रतिरूप आता ‘तुमच्या’ संपूर्ण आज्ञेत आले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ‘संपूर्ण आज्ञा’ हे शब्दही गेले. तेथे प्रतिरूप तुमच्याशी आणि तुम्ही नेमून द्याल त्यांच्याशी मित्रभावाने वागते आणि तुमच्या तोंडी आज्ञा पाळते. त्याचे जीवनगुण मूळ व्यक्तीच्या निम्मे असतात, बाकी सर्व क्षमता तिच्याच. ते नवे शिकू शकत नाही, वापरलेली मंत्रशक्ती त्याला परत मिळत नाही. मैत्रीचा हा शब्द सौम्य दिसतो, परंतु तो पहिल्या हुकमापेक्षा कठोर आहे. हुकूम वर्तनापुरता असतो. नेमून दिलेली मैत्री मनापर्यंत पोचते. शत्रुराजाचे प्रतिरूप घडविले तर ते राजाच्या सर्व क्षमतांसह राजाच्या शत्रूचा स्नेही होते. त्याच्या स्मृतींचे काय होते, याबद्दल नियम काहीच सांगत नाही.

द्वितीय पुरुषाने नियमकर्त्यांना एका अनपेक्षित पेचात टाकले. जादूगाराने स्वतःचेच प्रतिरूप घडविले तर त्या प्रतिरूपालाही हा मंत्र म्हणता येऊ शकतो. ते म्हणू लागताच नियमातील ‘तुम्ही’ हे सर्वनाम त्याला लागू पडते. त्याने घडविलेले तिसरे रूप त्याचे मित्र, आणि त्याच्या आज्ञेत. हाच मंत्र पुन्हा म्हटल्यास म्हणणाऱ्याची पूर्वीची प्रतिरूपे नष्ट होतात, अशी अट २०१४ च्या नियमात होती. पण येथे म्हणणारा वेगळा असल्याने ती अट लागत नव्हती. साखळी कितीही लांबविता येत होती. खेळाडूंनी या साखळीकडे मुख्यतः शक्तीचा साठा म्हणून पाहिले आणि तिच्या समतोलाबद्दल वाद घातले. साहित्याच्या अभ्यासकाला तिच्यात अधिक महत्त्वाची गोष्ट दिसावी: ज्याला स्वतःची इच्छा नाही असे नियम गृहीत धरत होता, त्यालाच नियमाच्या भाषेने कर्तेपण बहाल केले. तिसऱ्या रूपाची निष्ठा थेट जादूगाराशी नाही. ती मधल्या प्रतिरूपामार्फत पोचते, आणि मधला नष्ट झाला तर ती निराधार होते. २०२४ मध्ये सुधारलेल्या ग्रंथात ही वाट बंद करण्यात आली: प्रतिरूपाला हा मंत्र म्हणता येत नाही. समतोलाच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. ‘तुम्ही’ होण्याचा प्रतिरूपाचा तो एकमेव मार्ग होता, हेही तितकेच खरे.

भारतीय वाचकाला येथे छायेची कथा आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि वेंडी डॉनिगर यांनी ‘स्प्लिटिंग द डिफरन्स’ (१९९९) या ग्रंथात ग्रीक व भारतीय प्रतिरूपकथांचा विचार करताना तिला दिलेले स्थान तौलनिक अभ्यासकांना परिचित आहे. सूर्याचे तेज असह्य झालेली संज्ञा आपल्यासारखीच छाया निर्माण करून, मुले तिच्या हवाली करून निघून जाते. हे गुपित राखण्याचे छाया मान्य करते. पण हरिवंशात ती आपली मर्यादाही तेव्हाच सांगून ठेवते. कोणी केसांना हात घालीपर्यंत, किंवा शाप देण्यापर्यंत वेळ येईपर्यंत, ती बोलणार नाही. पुढे ती स्वतःच्या मुलांवर अधिक माया करते, सावत्र यमाला शाप देते, आणि सूर्य केस धरून शापायला उठतो तेव्हा सर्व काही सांगून टाकते. तिने वचन मोडले असे म्हणता येत नाही. वचनाची हद्द संपली. निर्मितीच्या क्षणीच प्रतिरूपाने आपल्या निष्ठेची हद्द आखून घेणे, ही कल्पना पाश्चात्त्य बंडखोर प्रतिरूपाहून वेगळी आहे आणि खेळाच्या निरपवाद आज्ञेहूनही वेगळी आहे. नियमग्रंथांच्या १९७८ पासूनच्या आवृत्त्यांत बर्फाच्या प्रतिरूपाला अशी अट घालण्याची संधी कोठेही दिलेली नाही.

तरीही टेबलावर ती संधी येते, आणि याचे कारण अगदी व्यावहारिक आहे: प्रतिरूपाच्या तोंडून कोणीतरी बोलावे लागते. २०१४ च्या नियमाप्रमाणे ते लढाईत जादूगाराच्याच पाळीत हालचाल करते, म्हणून सामान्यतः त्याच खेळाडूच्या हातात जाते. अशा वेळी निष्ठा ही अडचणच उरत नाही, कारण एकच माणूस दोन्ही बाजूंनी बोलत असतो. सूत्रधार त्याच्या तोंडून बोलू लागला की चित्र पालटते. आज्ञा पाळली जाते, पण ती कशी पाळली गेली, मध्ये किती वेळ गेला, आज्ञेच्या शब्दांत जे नव्हते ते कोणी भरले, हे दुसरा माणूस ठरवू लागतो. ‘दार राखून ठेव’ असे सांगितलेले प्रतिरूप आत शिरू पाहणाऱ्या मित्रालाही अडविते तेव्हा ते आज्ञेचे अक्षरशः पालन असते. बंड न करता दुसऱ्याची इच्छा आत येण्यासाठी एवढी फट पुरते.

व्हाइट वुल्फ या प्रकाशन संस्थेच्या ‘रेथ : द ऑब्लिव्हियन’ (१९९४) या खेळाने ही फटच रचनेचा पाया केली. त्यातील प्रत्येक मृतात्म्याला एक काळी छाया असते, आणि ती छाया दुसऱ्या खेळाडूने बोलायची असते. छाया अडचणीच्या क्षणी जादा फासे देऊ करते. ते घेतले की तिचे बळ वाढते. मदत आणि घात एकाच आवाजातून येतात. त्याआधीच्या ‘पॅरानोइया’ (१९८४) मध्ये जादू नाही, पण प्रत्येक खेळाडूला सहा क्लोन असतात. संगणकाशी निष्ठा सक्तीची, आणि प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या गुप्त संघटनेचा सभासद, म्हणजे व्याख्येनेच देशद्रोही. तेथे हा प्रश्न विनोदाने निकालात निघतो.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या सृष्टीवर बेतलेल्या कादंबऱ्यांनी बंदिस्त प्रतिरूपाला आवाज देण्याचे काम खेळाच्या आधी केले. केट नोव्हाक आणि जेफ ग्रब यांच्या ‘ॲझ्युअर बॉन्ड्स’ (१९८८) मधील अलायस ही तलवारबाज स्त्री उजव्या हातावर निळी गोंदणे घेऊन जागी होते. ती गोंदणे तिच्या निरनिराळ्या धन्यांची असतात आणि प्रसंगी तिच्याकडून नको ते करवून घेतात; पुढे तिला कळते की ती जन्मलेलीच नाही, घडविली गेली आहे. कादंबरी लोकप्रिय रंजनाची आहे, तिचा शेवटही सोयीचा आहे. पण आज्ञा शरीरावर लिहिलेली असताना ती वाचणारे मन कोणाचे, हा प्रश्न ती नियमग्रंथांपेक्षा धीटपणे विचारते.

नियमांत एक जागा अजून मोकळी आहे. जादूगार मेला तर त्याच्या हिमप्रतिरूपाचे काय होते, हे २०१४ च्या नियमात सांगितलेले नाही. मंत्र निर्मात्याच्या मृत्यूने संपत नाही. जीवनगुण शून्यावर येईपर्यंत, किंवा कोणी प्रतिमंत्राने नाहीसे करीपर्यंत, प्रतिरूप टिकते. आज्ञा देणारा आवाज गेला, नेमून दिलेली मैत्री राहिली. शिकता येत नाही, खर्चलेली शक्ती भरून येत नाही, आणि दुरुस्त करायचे तर प्रयोगशाळा आणि प्रत्येक गुणामागे १०० सुवर्णनाणी हवीत. जादूगाराचा खेळाडू त्याचे पात्र संपल्यामुळे नवे पात्र लिहायला घेतो, आणि बर्फाचे ते माणूस यापुढे काय करील, हे सूत्रधाराला ठरवावे लागते.