झेंडा, लाइन्समन आणि पिप्पो
(पिप्पो इन्झागी : भाग ७)

अथेन्सचा अंतिम सामना या आठवड्यात नाही. गेल्या भागाच्या शेवटी दिलेला शब्द ज्यांच्या लक्षात असेल त्यांनी खुशाल कुरकुर करावी. इस्तंबूलच्या अंतिम सामन्याच्या रात्री पिप्पो संघातच नव्हता, तरी तिच्यावर मी अख्खा भाग खर्ची घातला आणि तुम्ही तो निमूट वाचलात. तेव्हा हाही आठवडा पदरात घालाल असं धरून चालतो.

निमित्त कोल्हापूरहून आलेल्या पत्राचं. पत्र लिहिणारे गृहस्थ शाहू स्टेडियमवर तालीम मंडळांच्या सामन्यांना लाइन्समन म्हणून उभे राहिलेले आहेत. नाव छापू नका म्हणतात. पेठांतल्या लोकांची स्मरणशक्ती दांडगी असते, त्यामुळे ते योग्यच. लिहितात : “सर, तुमचं या माणसावर भलतंच प्रेम दिसतंय. पण असले फॉरवर्ड मी टच लाइनवरून बघितलेत. दहा वेळा झेंडा वर करायला लावायचा, आणि अकराव्या वेळी आमची नजर चुकली की गोल करून नाचायचं. आणि शिव्या आम्ही खायच्या. याला तुम्ही कला म्हणता? फर्ग्युसन साहेब बोलले ते काय उगाच?”

आधी मँचेस्टर युनायटेडचे तेव्हाचे प्रशिक्षक फर्ग्युसन यांचं बघू. हा पोरगा ऑफसाइडमध्येच जन्माला आला असणार, असं ते म्हणाल्याचं सांगितलं जातं. वाक्य झकास आहे, पण बोलणारा कोण तेही बघायला हवं. डिसेंबर १९९७ मध्ये तुरिनला युव्हेंटसने मँचेस्टर युनायटेडला १–० हरवलं. सामना संपत आला असताना झालेला तो गोल इन्झागीचा. एप्रिल १९९९ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीचा दुसरा सामना तुरिनलाच झाला, आणि पहिल्या अकरा मिनिटांत इन्झागीचे दोन गोल लागले होते. युनायटेडने तिथून ३–२ असा सामना फिरवला आणि पुढे चषकही नेला, ही गोष्ट वेगळी. त्या अकरा मिनिटांत फर्ग्युसन यांनी च्युइंग गम किती जोरात चावलं असेल, याची कल्पना करता येते. त्यांचं वाक्य हे पोळलेल्या माणसाचं वाक्य आहे.

आता मूळ तक्रार. नियम ११ प्रमाणे ऑफसाइडला सापडल्याची शिक्षा काय? अप्रत्यक्ष फ्री किक. बस. पिवळं कार्ड नाही, पेनल्टी नाही. समोरच्या संघाला चेंडू मिळतो तोही बहुतेक वेळा त्यांच्याच गोलजवळ, मैदानाच्या सगळ्यात निरुपद्रवी भागात. आणि एकदा वेळ जमली तर? समोर एकटा गोलकीपर आणि मागे धापा टाकणारे बचावपटू. मंडईत भाव पाडून मागणाऱ्याला दहा वेळा ‘नाही’ ऐकून घ्यायला काही पडत नाही, आणि अकराव्या वेळी पिशवी भरते. इन्झागीने हा हिशेब आयुष्यभर थंड डोक्याने केला. आपण ज्याला त्याचा बावळटपणा म्हणतो ते त्याचं भांडवल होतं.

आमचे कोल्हापूरकर यावर म्हणतील, भांडवल त्याचं कसलं, बाकीच्या दहा जणांच्या घामाचं. बरोबर आहे. म्हणूनच असा खेळाडू प्रत्येक संघाला परवडतोच असं नाही. गेलेला चेंडू दोन मिनिटांत पुन्हा मिळवून देणारे लोक मागे लागतात. अँचेलोत्तीच्या मिलानमध्ये पिर्लो, सीडॉर्फ, रुई कोस्टा आणि नंतर काका होते, खाली गात्तुसो होता. दहा वेळा फुकट गेलेला चेंडू अकराव्यांदा आणून देण्याची ऐपत त्या संघात होती.

शिवाय एक गोष्ट प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही, लाइन्समनच्या मात्र येते. ऑफसाइड एकट्याने होत नाही, त्याला दोघं लागतात. आघाडीचा खेळाडू पळतो तो पास देणाऱ्याची नजर वर आली की. त्याच वेळी पास निघाला तर सगळं ठीक. पण पास देणाऱ्याने चेंडूला आणखी एक टच दिला, अर्धा सेकंद खाल्ला, की पुढचा माणूस दोन-तीन मीटर पलीकडे. चूक मागच्याची आणि आकडेवारीत नाव पुढच्याचं. १९९६-९७ मध्ये अटलांटाकडून खेळताना इन्झागीने २४ गोल करून सेरी आ-चा सर्वाधिक गोलांचा मान मिळवला, तेव्हा मागे दोमेनिको मोर्फेओसारखा, पहिल्या नजरेतच पास सोडणारा खेळाडू होता. चेंडू कुरवाळत बसणाऱ्यांबरोबर पिप्पोचं कधी जमलं नाही. हात पसरून, चेहरा वाकडा करून तो जी चिडचिड करायचा, ती निम्मी लाइन्समनवर असे आणि निम्मी स्वतःच्याच माणसांवर.

तो नेमकं करायचा काय, हे जुनी चित्रफीत लावून नीट बघा. एक अट : चेंडू बघायचा नाही, फक्त त्याच्याकडे बघायचं. चेंडू पलीकडच्या बाजूला असताना हा खुशाल बचावफळीच्या दोन-तीन मीटर पलीकडे, राजरोस ऑफसाइडमध्ये उभा दिसेल. तिथे नुसतं उभं राहणं गुन्हा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. बचावपटूला आता दोन गोष्टी बघायच्या आहेत, समोर चेंडू आणि पाठीमागे हा. दोन्ही एकदम दिसत नाहीत. तो मान वळवून मागे बघतो, तोवर इन्झागी चालत परत येऊन त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा. मग तो गोलकडे न धावता आधी रेषेला समांतर, आडवा धावतो, म्हणजे वेग तर आलेला असतो पण रेषा ओलांडलेली नसते. पास सुटला की तोच वेग वळवून आत. उभ्या जागेवरून निघणाऱ्या बचावपटूला ही शर्यत जिंकता येत नाही, मग तो कितीही चपळ असो. आणि इन्झागी काही वाऱ्याच्या वेगाचा नव्हता. त्याला ड्रिबलिंग यथातथाच, लांबून फटका जवळपास नाहीच. या आडव्या धावेवर त्याने मिलानकडून ३०० सामन्यांत १२६ गोल केले.

यात त्याच्या जन्मसालाचाही वाटा आहे, याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. १९९० पर्यंत शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबरीने असलेला खेळाडूही ऑफसाइड ठरायचा. त्या वर्षी नियम बदलला आणि बरोबरीत असलेला खेळाडू ऑनसाइड झाला. पिप्पो तेव्हा पिआचेन्झाजवळच्या सान निकोलोमधला सोळा वर्षांचा पोरगा होता, वर्षभरात व्यावसायिक फुटबॉलमध्ये उतरला. दहा वर्षं आधी जन्मला असता तर त्याला प्रत्येक वेळी निदान एक पाऊल मागून निघावं लागलं असतं. आणि तो जगला तो त्या एका पावलावरच. त्याच सुमाराला इटलीत बचावाची शाळा म्हणजे सॅकीचं मिलान. चौघं एकदम पुढे सरकणार, बारेसीचा हात वर जाणार, की समोरचा फॉरवर्ड ऑफसाइड. ज्या फळीने ही कला जगाला शिकवली तिच्यातले कोस्ताकुर्ता आणि मालदिनी इन्झागी २००१ मध्ये मिलानला आला तेव्हा अजून खेळत होते. रोजच्या सरावात असे परीक्षक समोर असल्यावर रविवारचा पेपर सोपाच जाणार.

आता झेंड्याकडे येऊ, कारण आमच्या पत्रलेखकांचा खरा सल तिथे आहे. लाइन्समनला दोन जागा एका क्षणी बघायच्या असतात : पास देणाऱ्याचा पाय आणि चाळीस मीटरवरची रेषा. बचावपटू सेकंदाला चार मीटर वेगाने पुढे येतोय आणि इन्झागी आठ मीटर वेगाने उलट निघालाय असं समजा. सेकंदाच्या दहाव्या भागात दोघांमधलं अंतर १.२ मीटरने बदललं. पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. २००० साली अॅम्स्टरडॅमच्या संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की लाइन्समनच्या बऱ्याचशा चुका त्यांच्या उभं राहण्याच्या जागेमुळे होतात. ते शेवटच्या बचावपटूच्या अगदी रेषेत नसून बहुतेक वेळा थोडे पुढे, गोलच्या बाजूला असतात, आणि त्या तिरप्या कोनातून ऑनसाइड माणूस ऑफसाइड दिसतो किंवा उलट. म्हणजे साहेब, तुमच्या सचोटीचा इथे काही संबंध नाही. चूक भूमितीची आहे.

इटलीत या भूमितीवर एक अख्खा धंदा चालायचा. रविवारी रात्री टीव्हीवर ‘मोव्हिओला’, म्हणजे वादग्रस्त क्षण संथ गतीने, पुढेमागे करून दाखवायचे. कार्लो सास्सी या पत्रकाराने १९६७ मध्ये हे सरकारी टीव्हीवर सुरू केलं. सोमवारी त्याच क्षणांवर आल्दो बिस्कार्दी यांच्या कार्यक्रमात आरडाओरडा व्हायचा. इन्झागी म्हणजे या मंडळींचा अन्नदाता. त्याचे गोल बघून घेण्यापेक्षा थांबवून बघण्याचेच जास्त. मला त्या थांबवलेल्या चित्रांचा मनापासून कंटाळा आहे. धावणाऱ्या माणसाला थांबवल्यावर त्याच्यातलं धावणंच निघून जातं, मग उरतं काय?

म्हणून थांबवून न बघण्यासारखा एक गोल सांगतो. हॅम्बर्ग, २२ जून २००६, विश्वचषकातला इटली विरुद्ध चेक प्रजासत्ताक सामना, आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. माटेराझ्झीच्या हेडरने इटली १–० पुढे. चेक संघाचा एक जण मध्यंतराआधीच बाहेर गेलेला, तरी त्यांना गोल हवेत म्हणून सगळे पुढे चढलेले. साठाव्या मिनिटाला जिलार्दिनोच्या जागी इन्झागी येतो. ८७ व्या मिनिटाला चेक बचावफळी जवळपास मध्यरेषेवर आहे, आणि ती ओलांडून पिप्पो सुटतो. मागे कुणी नाही. पुढे पेत्र चेख, त्या वेळच्या सर्वोत्तम गोलकीपरांपैकी एक. शेजारून बदली म्हणून आलेला सिमोने बारोने जीव तोडून पळतोय, एकदम मोकळा. बाजूला साधा पास दिला की बारोनेचं नाव विश्वचषकाच्या इतिहासात लागणार. पिप्पो चेंडू ढकलतो, चेखला वळसा घालतो आणि रिकाम्या जाळ्यात सारतो. बारोने शेवटपर्यंत शेजारी पळतच होता. त्या विश्वचषकात इन्झागी मैदानावर उतरला तो या एकाच सामन्यात. त्या तेवढ्या वेळात त्याने जेवढं केलं तेवढं पुरे झालं. पास न दिल्याबद्दल त्याला आजही नावं ठेवणारे आहेत, मी त्यांच्यातला नाही. पास देणारा पिप्पो मला ओळखू आला नसता.

रिबाउंडचंही एक सांगतो, कारण तिथेही हाच हिशेब आहे. ४ एप्रिल २००६, सान सिरो, समोर ल्यों. पहिला सामना ०–०, इथे १–१, आणि बाहेरच्या मैदानावरच्या गोलच्या नियमाने मिलान बाहेर पडायला दोन-तीन मिनिटं राहिलेली. शेवचेन्कोचा फटका एका खांबावर आपटतो, रेषेवरून सरपटत दुसऱ्या खांबाला लागतो आणि इन्झागीसमोर येतो. सगळे म्हणाले, काय नशीब! पण खांबाला लागून आलेला चेंडू ऑफसाइड धुऊन काढत नाही. शेवचेन्कोने फटका मारला त्या क्षणी इन्झागी पुढे असता तर गोल धरलाच नसता. चेंडू पायाशी येण्याच्या आधी तो योग्य जागी थांबलेला होता. नशीब असलंच तर चेंडूच्या वाटेत होतं.

मग आजच्या तंत्रज्ञानात तो टिकला असता का? हा प्रश्न पत्रात नव्हता, पण मला तो कायम छळतो. २०२२ च्या कतार विश्वचषकात छताखालचे १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते, आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा. तिथे आडवी धाव आणि लाइन्समनच्या कोनातली गफलत चालत नाही. काही गोल नक्की गेले असते. ३ नोव्हेंबर २०१० ला सान सिरोवर रियाल माद्रिदविरुद्ध ३७ वर्षांचा इन्झागी तासाभराने मैदानात आला आणि त्याने दोन गोल केले. दुसरा गात्तुसोच्या पासवर, आणि रीप्लेमध्ये तो ऑफसाइड दिसत होता. पेद्रो लिऑनने अखेरच्या क्षणी २–२ केलं. कॅमेरे असते तर रियाल २–१ जिंकलं असतं, आणि युरोपीय स्पर्धांतल्या इन्झागीच्या गोलांचा आकडा ७० ऐवजी ६९ वर थांबला असता, कारण आठवड्याभरात गुडघा गेला आणि पुन्हा तिथे गोल करायची संधी आली नाही.

पण उलट बाजूही मांडा. त्याच्या विरोधात जे झेंडे चुकून वर गेले त्यांची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. मोव्हिओला नेहमी दिलेल्या गोलांवर चालायची, अडवलेल्या धावेवर क्वचित. आजकाल लाइन्समनला झेंडा खाली ठेवून हल्ला पुरा होऊ द्यायला सांगतात. पिप्पोच्या काळात शिट्टी वाजली की तो गोल जन्मालाच येत नसे. माझा अंदाज असा, की त्याचे जेवढे गोल कॅमेऱ्यांनी काढून घेतले असते, तेवढे परतही दिले असते, कदाचित चार जास्तच. त्याचं नुकसान दुसरीकडे झालं असतं. गोल झाल्यावर तो तोंड फाडून ओरडत कोपऱ्याकडे सुसाट पळायचा. आता त्याला कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं पंचांच्या कानातल्या यंत्राकडे बघत उभं राहावं लागलं असतं. हे त्याला जमलं नसतं.

बिस्किटांबद्दल विचारणाऱ्या दोघांसाठी : होय, सामन्याआधी तो लहान मुलांची बिस्किटं खायचा आणि पुड्यात दोन शिल्लक ठेवायचा. हे पिर्लोने आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय. नक्षत्रं बिघडू नयेत, एवढंच कारण.

पुढच्या आठवड्यात अथेन्स, नक्की. पिर्लोची फ्री किक इन्झागीच्या दंडाला लागली की खांद्याला, हे विचारणारी तीन पत्रं आत्ताच येऊन पडली आहेत. ती मी बाजूला ठेवली आहेत.