समजून घ्या : घरात चालले की रेकॉर्डची सुई का उडते? रॅकखाली रबर लावण्याआधी हे तपासा

कशेळे (ता. कर्जत) : कर्जत-मुरबाड रस्त्यावरून ट्रक गेला, की त्याचा हादरा रस्त्यालगतच्या घरातील मांडणीपर्यंत पोहोचतो. त्याच घरात रेकॉर्ड प्लेअर असेल, तर सुई उडण्याची धास्ती असते. आजोबांच्या वेळची नाट्यसंगीताची रेकॉर्ड एकदा ओरखडली, की ती पूर्ववत होत नाही.

थरथर ऐकू का येते?

एलपी रेकॉर्डवरील खाच साधारण ०.०५ मिलिमीटर रुंद असते. सुई त्या खाचेतील हालचालीचे विजेत रूपांतर करते. हालचाल गाण्याची की रॅकची, हे तिला कळत नाही. स्पीकरही त्याच रॅकवर असेल, तर त्याचा हादरा सुईकडे परततो, पुन्हा मोठा होतो आणि आवाज घुमू लागतो. अॅम्प्लिफायर आणि सीडी प्लेअरला हा त्रास फारच कमी होतो.

हादरा कुठला, हे कसे ओळखायचे?

प्लेअर बंद ठेवून सुई थांबलेल्या रेकॉर्डवर टेकवा आणि आवाज मध्यम ठेवा. आधी रॅकवर बोटाने हलके ठोका, मग जवळून चाला. ज्या वेळी स्पीकरमधून 'धप्' ऐकू येईल, तो हादऱ्याचा मार्ग.

रबर सगळ्यांवर उपाय का नाही?

वजनाखाली रबर १ मिलिमीटर दबले, तर त्यावरील वस्तू सुमारे १६ हर्ट्झला डोलते. ४ मिलिमीटर दबले, तर ८ हर्ट्झला. या आकड्याच्या सुमारे १.४ पटीच्या वरचेच हादरे अडतात. त्या आकड्याजवळचे हादरे उलट वाढतात. चालण्याचा ठेका सेकंदाला साधारण दोन पावले, म्हणजे २ हर्ट्झ. तो अडवायला रबर १२ सेंटिमीटरहून अधिक दबावे लागेल. ते शक्य नाही.

मग काय करावे?

- स्पीकर रॅकवरून खाली उतरवून वेगळ्या स्टँडवर ठेवा.
- पावलांचा त्रास असेल, तर प्लेअर जमिनीशी संबंध नसलेल्या फळीवर ठेवा. जाड, पक्क्या भिंतीत ब्रॅकेट ठोकून त्यावर कडप्पा बसवता येतो.
- स्पीकरचा हादरा उरला, तर कडप्प्याखाली रबर द्या. ते जरा तरी दबले पाहिजे; दगडासारखे कडक रबर निरुपयोगी.
- रॅकचे स्क्रू आवळा आणि प्लेअर पाणसळीने समतल करा.

बदल एका वेळी एकच करा आणि प्रत्येक वेळी ठोकून पाहा.