काबर्नेचा तुरटपणा

बोर्दो पद्धतीची रेड वाईन सहसा एका द्राक्षाची नसते. काबर्ने सोव्हिन्यों बारीक, जाड सालीचे. गडद रंग आणि तुरटपणा त्याचा. मेर्लो लवकर पिकते आणि ती धार बोथट करते. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या बोर्दो प्रदेशात मेदॉकच्या गोटाळ जमिनीत काबर्नेचा वरचष्मा, तर पोमरोलच्या चिकणमातीत मेर्लोचा.

किनारा सिंधुदुर्गालाही आहे, पण वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस आणि अशी दमट हवा, की द्राक्षवेलीचा निकाल बुरशीच लावील. महाराष्ट्रातले काबर्ने पिकते घाटावर, मुख्यतः नाशिककडे. तिथेही थंडी वेलीला झोपवण्याइतकी पडत नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. बोर्दोत हीच तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. नाशिककडे ऊन चढत्या दिवसांत फळ पिकत असल्याने साखर भरभर वाढते, आंबटपणा उतरतो. घाईने तोडले तर वाईनला ढोबळी मिरचीचा वास राहतो.

देठ काढून फोडलेली द्राक्षे टाकीत जातात. गर जवळजवळ बिनरंगी, रंग सगळा सालीत. आंबताना सुटणारा वायू साली वर ढकलतो आणि त्यांचा जाड थर साचतो. तो सुकू नये म्हणून तळाचा रस पंपाने पुन्हापुन्हा त्यावर सोडतात. रंग पहिल्या काही दिवसांतच उतरतो. बियांमधला तुरटपणा मागाहून येतो, अल्कोहोल वाढेल तसा. साली रसातून कधी काढायच्या, यावरच वाईनचा स्वभाव ठरतो; पुढची ओकची 225 लिटरची पिंपे त्यावर फक्त हात फिरवतात. बोर्दोत जुन्या रीतीने दर पिंपात पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक घालतात. त्यातले प्रथिन तुरटपणा देणाऱ्या जास्तीच्या टॅनिनला धरून तळाशी बसते.

टॅनिनशी सिंधुदुर्गाची ओळख काजूच्या बोंडातून आहे. बोंड चावले की घसा धरतो. बोंडाच्या रसात जिलेटिन किंवा शिजवलेला साबुदाणा घालून रात्रभर ठेवला, की गाळ खाली बसून वर निवळ रस राहतो. त्याची वाईन करायची तर साखर वरून घालावी लागते, कारण बोंडातली साखर वाईनच्या पिकल्या द्राक्षाच्या निम्मीच. इथे तुरटपणा जाईल तेवढा बरा. काबर्नेचा मात्र साफ काढला तर हाती नुसते रंगीत पेय उरेल.

मालवणी ताटाशी या वाईनचे सरसकट जमत नाही. रेड वाईनमधल्या लोहाने तेलकट बांगड्याचा हिवसपणा वाढतो. सागोतीच्या तेलमसाल्यापुढे तोच तुरटपणा कामाचा ठरतो. आणि ‘घरच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला थंड देशांतला. रेडला 16 ते 18 अंश लागतात, त्यामुळे मालवणच्या उन्हाळ्यात बाटली आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावीच लागते.