अर्ध्या सेकंदाचा माग

०.२९९ सेकंद आणि ०.८०७ सेकंद. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने जगासमोर जे टिपण मांडलं, त्यात हे दोन आकडे होते. दुसऱ्या संगणकावर दुरून लॉगिन करायला गेलं, अस्तित्वातच नसलेलं नाव दिलं आणि नकार कधी मिळतो ते मोजलं. जुन्या आवृत्तीत नकार यायला पहिल्या आकड्याएवढा वेळ लागला, नव्या आवृत्तीत दुसऱ्याएवढा. फरक अर्ध्या सेकंदाचा. एवढ्या उशिराने आपण कपाळाला आठीसुद्धा घालत नाही. फ्रॉइंडने मात्र त्या अर्ध्या सेकंदाचा हिशेब मागितला, आणि त्यातून लिनक्सच्या इतिहासातला सर्वांत कसबी चोरदरवाजा उघडकीला आला.

ही बातमी आली तेव्हा तिच्या मथळ्यांत ‘थोडक्यात बचावलो’ असाच सूर होता. मला मात्र ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात शिरायची दुर्मीळ संधी वाटली, आणि अजूनही वाटते. एरवी लॉगिन म्हणजे आपल्या लेखी एक क्षण. त्या क्षणात काय काय घडतं, हे या प्रकरणाने पायरीपायरीने उलगडून दाखवलं.

आधी अर्धा सेकंद म्हणजे किती, ते पाहू. तीन गिगाहर्ट्‌झचा साधा प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी ठोके घेतो. म्हणजे अर्ध्या सेकंदात १५० कोटी. ‘असा कोणी वापरकर्ता नाही, परत जा’ एवढंच सांगायचं असताना प्रोसेसर १५० कोटी ठोके जास्तीचे घालवत असेल, तर तो नक्कीच काहीतरी दुसरं काम करतोय. संगणक रेंगाळत नाही. त्याचा उशीर म्हणजे कुठेतरी झालेलं काम.

फ्रॉइंड पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विकासकांपैकी एक, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये. तो त्या वेळी सुरक्षेचं काही करतही नव्हता. डेबियन या लिनक्स वितरणाच्या अस्थिर, म्हणजे अजून चाचणीतल्या आवृत्तीवर तो डेटाबेसचा वेग मोजत होता. असं बारीक मोजमाप करायचं तर यंत्र आधी शांत करावं लागतं, बाकीची सगळी खुडबुड बंद करावी लागते. पण एसएसएचडी काही गप्प बसेना. दुरून येणाऱ्या माणसाला आत घ्यायचं की नाही, हे ठरवणारा हा प्रोग्राम. इंटरनेटला जोडलेल्या यंत्राचं दार कोणी ना कोणी सतत ठोठावत असतं, चुकीची नावं टाकून पाहत असतं. त्यांना नकार मिळत होता, तोही लगेच. तरी प्रत्येक नकारापायी प्रोसेसर बराच घाम गाळत होता.

मग त्याने पर्फ हे साधन लावलं. लिनक्सच्या कर्नलसोबत २००९ पासून येणाऱ्या या साधनाची युक्ती मला आजही थक्क करते. पर्फ चालू प्रोग्रामला काही विचारत नाही, त्याच्यात बदलही करत नाही. ते सेकंदाला हजारो वेळा प्रोसेसरला मध्येच थांबवतं आणि फक्त एवढंच टिपतं, की या घडीला तू कुठल्या पत्त्यावरची सूचना पाळतो आहेस? मुख्याध्यापक व्हरांड्यातून फेरी मारताना प्रत्येक वर्गात नुसतं डोकावतात आणि दिवसअखेर कुठल्या वर्गात दंगा चालतो ते अचूक सांगतात, तसंच हे. एका डोकावण्याला अर्थ नाही, पण हजारो नोंदींची बेरीज केली की वेळ कुठे जातो याचा नकाशाच तयार होतो. मग त्या पत्त्यांवरून फंक्शनांची नावं शोधली जातात: इतका टक्के वेळ अमुक फंक्शनात, इतका तमुकमध्ये.

फ्रॉइंडच्या नकाशात बराचसा वेळ लिबएलझेडएमए या लायब्ररीत जात होता. आणि तिथल्या पत्त्यांना पर्फला नावंच लावता येईनात. कोड चालतोय, पण त्याला नाव नाही. याच सुमारास त्याला आणखी एक गोष्ट आठवली. काही आठवड्यांपूर्वी पोस्टग्रेसच्या स्वयंचलित चाचण्यांमध्ये व्हॅलग्रिंड या स्मृतितपासनीसाने एक विचित्र तक्रार केली होती, तीही पॅकेजं अद्ययावत केल्यानंतर. तेव्हा ती बाजूला पडली होती. आता ती आणि हे बिननावाचे पत्ते त्याच्या डोक्यात एकमेकांना जाऊन भिडले.

लिबएलझेडएमए ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी, एक्सझेड या प्रसिद्ध साधनाचा गाभा. दारावरच्या पहारेकऱ्याच्या पोटात हे दाबयंत्र आलं कुठून? एसएसएचडीला त्याची काडीइतकीही गरज नाही, आणि एसएसएचडी ज्या ओपनएसएसएचचा भाग, त्याच्या मूळ कर्त्यांनी ते घातलेलंही नव्हतं. डेबियन, फेडोरा अशा वितरणांनी स्वतःची एक दुरुस्ती जोडली होती. एसएसएचडी सुरू होऊन सज्ज झाला की त्याने सिस्टिमडीला तसं कळवावं, एवढाच तिचा हेतू. सिस्टिमडी म्हणजे यंत्र चालू होताना बाकीच्या सेवांना उठवणारा कारभारी. कळवायचा निरोप केवढा? ‘रेडी=१’. एवढीच अक्षरं एका स्थानिक सॉकेटवर टाकायची. पण त्यासाठी सिस्टिमडीची तयार लायब्ररी घेतली गेली. त्या लायब्ररीला नोंदवह्या दाबून ठेवायची सोय हवी असते, म्हणून ती लिबएलझेडएमएला सोबत आणते. प्रोग्राम सुरू होताना लिंकर ही सगळी मंडळी एकाच स्मृतिअवकाशात आणून बसवतो. आणि एकदा एका अवकाशात बसले की त्यांच्यात भिंत नाही. लायब्ररीला प्रोग्रामचे सगळे अधिकार मिळतात. एसएसएचडी चालतो रूट म्हणून, यंत्रावरच्या सर्वोच्च अधिकारानिशी. म्हणजे आठ अक्षरांच्याही आतल्या निरोपासाठी एक परकी लायब्ररी थेट तिजोरीच्या खोलीत येऊन बसली होती.

हल्लेखोराने नेमकी हीच वाट हेरली. त्याची कारागिरी वाईट हेतूची होती हे खरं, पण ती समजून घेतल्याशिवाय फ्रॉइंडचं काम केवढं होतं ते कळत नाही. चोरदरवाजाचा कोड एक्सझेडच्या सर्वांना दिसणाऱ्या मूळ कोडमध्ये कुठेच लिहिलेला नव्हता. तो दोन चाचणी-फाइलींत दडवला होता. दाबयंत्राची चाचणी घ्यायला मुद्दाम बिघडवलेल्या, अगम्य फाइली लागतातच, त्यामुळे त्या उघडून वाचायच्या कोणाच्या मनात येत नाही. त्या फाइलींतून कोड बाहेर काढणारी पहिली ओळ तर सार्वजनिक भांडारातही नव्हती. ती होती फक्त प्रकाशनासाठी बांधलेल्या गाठोड्यात, बांधणीच्या एका कंटाळवाण्या स्क्रिप्टमध्ये. वितरणं तेच गाठोडं घेऊन पॅकेज बांधतात. आणि तिथेही आधी खात्री: यंत्र लिनक्स आहे का? प्रोसेसर ६४ बिटी एक्स८६ आहे का? बांधणी डेबियन किंवा आरपीएम पद्धतीच्या पॅकेजासाठी चालली आहे का? नसेल तर गपगुमान काही न करता पुढे जायचं. कोणी कुतूहलाने घरी बांधून पाहिलं, तर त्याच्या हाती स्वच्छ लायब्ररी लागावी यासाठी ही दक्षता.

पुढची पायरी मला सर्वांत विलक्षण वाटते. आधुनिक लिनक्समध्ये एक चांगली सोय आहे. एकच काम वेगवेगळ्या प्रोसेसरांवर वेगवेगळ्या प्रकारे वेगाने होतं, म्हणून लायब्ररी एका फंक्शनाच्या दोन-तीन आवृत्त्या ठेवते, आणि सुरू होतानाच एक छोटं निवड-फंक्शन प्रोसेसर पाहून त्यातली योग्य ती लावून देतं. हे निवड-फंक्शन फार लवकर चालतं, प्रोग्रामची पहिली ओळ चालण्याच्याही आधी. पुढे लिंकर फंक्शनांच्या पत्त्यांचा तक्ता कुलूपबंद करतो, मग त्यात कोणालाच काही बदलता येत नाही. पण निवड-फंक्शन चालत असतं तेव्हा हा तक्ता अजून उघडाच असतो. एक्सझेडमध्ये ही सोय २०२३ मध्ये घातली गेली. कारण वेगाचं दिलं होतं, आणि ते पटण्याजोगं होतं. चोरदरवाजा त्याच फटीतून शिरायचा, आरएसए सही तपासणाऱ्या एका फंक्शनाचा पत्ता येण्याची वाट पाहायचा आणि त्या जागी स्वतःचा पत्ता लिहायचा. त्यानंतर कोणी लॉगिनला आलं की तपासणी आधी चोराकडे जाई. आलेल्या प्रमाणपत्रात चोराच्या खासगी किल्लीची सही असेल, तर त्यात दडलेला हुकूम रूट म्हणून चालवायचा. नसेल तर खऱ्या फंक्शनाकडे सोपवून नामानिराळं व्हायचं.

एवढी जपणूक केली, तर मग अर्धा सेकंद कुठे सांडला? चोरदरवाजाला दुसऱ्या लायब्ररींतली फंक्शनं शोधावी लागत. त्यांची नावं कोडमध्ये सरळ लिहिली असती तर कोणत्याही साध्या तपासणीत दिसली असती, म्हणून ती एका गुंतागुंतीच्या वृक्षरचनेत मोडून ठेवली होती. प्रत्येक नाव तक्त्यांतून ताडून पाहायचं, सूचना उलगडून वाचायच्या, हे कष्टाचं काम. ते एकदाच करावं लागलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. पण एसएसएचडी प्रत्येक नव्या जोडणीसाठी स्वतःला पुन्हा नव्याने सुरू करत असे, तेही सुरक्षेसाठीच. त्यामुळे दारावरच्या प्रत्येक टकटकीला चोराला सगळी तयारी मुळापासून करावी लागे. लपण्याची किंमत तो दर वेळी मोजत होता, आणि ती प्रोसेसरच्या हिशेबात उमटत होती.

माणसांची बाजू याहून त्रासदायक आहे. एक्सझेड वर्षानुवर्षं सांभाळत होता फिनलंडचा लासे कॉलिन, जवळजवळ एकट्याने, एका पैचीही अपेक्षा न ठेवता. २०२१ मध्ये ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी मदतीला आलं. चांगल्या, उपयोगी दुरुस्त्या पाठवू लागलं. २०२२ मध्ये आणखी काही अनोळखी नावं उगवली आणि कॉलिनच्या मागे लागली: काम किती हळू चाललंय, जमत नसेल तर दुसऱ्याला दे. जून २०२२ मध्ये कॉलिनने उघडपणे लिहिलं की आपली तब्येत साथ देत नाही, आणि हे काम म्हणजे बिनपगारी छंद आहे, हे लक्षात घ्या. हळूहळू किल्ल्या जिया टॅनच्या हाती गेल्या. जिया टॅन कोण, एक माणूस की अख्खी टोळी, कुठल्या देशाची, हे आजतागायत उघड झालेलं नाही. दुसऱ्याच्या थकव्याचा असा हिशेबी वापर मला चोरदरवाजापेक्षाही जास्त क्रूर वाटतो.

विषारी आवृत्ती, ५.६.०, २४ फेब्रुवारी २०२४ रोजी निघाली. ५.६.१ ही पुढची ९ मार्चला. ती डेबियनच्या अस्थिर शाखेत पोचली, फेडोराच्या चाचणी आवृत्त्यांत पोचली, ओपनसुसेच्या टंबलवीडमध्ये पोचली. उबुंटूची दीर्घ मुदतीची २४.०४ आवृत्ती एप्रिलमध्ये यायची होती आणि तिच्यातही हे पॅकेज जावं म्हणून खटपट चालू होती. उघडकीला आल्यावर उबुंटूने बीटा आठवडाभर पुढे ढकलला आणि संशयित काळातली पॅकेजं नव्याने बांधली. जगाचे सर्व्हर बहुतांशी लिनक्सवर आहेत. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांपैकी एकूण एक लिनक्सवर चालतो, आणि पुण्याच्या सी-डॅकचा परम सिद्धी त्या यादीत आला तोही लिनक्सवरच. चोरदरवाजा स्थिर आवृत्त्यांत शिरला असता तर त्याची पोच किती दूर गेली असती, याचा यावरून अंदाज यावा.

‘नशीब’ हा शब्द तेव्हा बहुतेकांनी वापरला, फ्रॉइंडनेही योगायोगांचं श्रेय मान्य केलं. मला तो शब्द पुरेसा वाटत नाही. योगायोग होता तो फक्त उशीर नजरेला पडण्याचा. त्यापुढे ज्याला हा उशीर खुपला, त्याच्याकडे तो कुठे होतो ते पाहायचं साधन होतं. लायब्ररी कोणाची, तिचा कोड काय, गाठोड्यात आणि भांडारात फरक कुठे, हे सगळं परवानगी न मागता उघडून पाहता येत होतं. बंद प्रणालीत त्याला ‘नवी आवृत्ती जरा हळू चालते’ एवढीच तक्रार नोंदवता आली असती. त्याच वेळी, कोड उघडा आहे म्हणजे कोणीतरी वाचत असेलच, या भरवशाचं मला समर्थन करवत नाही. पाच आठवडे कोणीही वाचलं नाही. वाचून सापडलंही नसतं, कारण वाचायच्या जागी ते नव्हतंच. ते सापडलं मोजल्यामुळे. आणि मोजायची सवय असलेल्या माणसाला मोजायला मोकळीक होती म्हणून.

जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचची ९.८ आवृत्ती आली. सिस्टिमडीला निरोप धाडण्याचं काम आता एसएसएचडी स्वतःच्या थोडक्या कोडने करतो, कोणतीही लायब्ररी न बोलावता. त्याआधी २९ मे रोजी लासे कॉलिनने चोरदरवाजा काढून टाकलेली एक्सझेड ५.६.२ प्रसिद्ध केली. प्रकल्प पुन्हा त्याच्याच हाती आहे.