माळरान म्हणजे अर्धवट राहिलेलं जंगल का?

मोकळी जमीन तशीच सोडून दिली, तर शेवटी तिथं काय होईल? आपल्यापैकी बहुतेक जण म्हणतील, जंगल. आधी शेवाळ, मग गवत, झुडपं आणि शेवटी वृक्ष. या क्रमाला 'अनुक्रमण' म्हणतात. क्राकाटोआ बेट १८८३ सालच्या ज्वालामुखीच्या उद्रेकात राखेखाली गेलं आणि पन्नासएक वर्षांत तिथं पुन्हा जंगल उभं राहिलं. म्हणजे उत्तर चूक नाही. पण ते सगळीकडे लागू होतं का?

फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ साली मांडलं, की वनस्पतींचा समुदाय सजीवासारखा जन्मतो, वाढतो, प्रौढ होतो आणि त्याची प्रौढावस्था हवामान ठरवतं. आम्हा तत्त्वज्ञानाच्या माणसांना इथं ॲरिस्टॉटल आठवतो: बीजाचं प्रयोजन वृक्ष होणं. १९२६ साली हेन्री ग्लीसन यांनी यावर आक्षेप घेतला. प्रत्येक जाती आपापल्या गरजेप्रमाणे येते, टिकते, जाते. समुदायाला ठरलेलं गंतव्य नसतं.

हा वाद पुस्तकी वाटेल. पण आपण पुणे-सोलापूरकडच्या माळावर जाऊन बघू. पाऊस कमी, जमीन उथळ, मुरमाड. त्यात चराई आणि कधीमधी वणवा. यामुळे झाडं विरळच राहतात, आणि ऊन लागणाऱ्या कुसळीसारख्या गवतांचं फावतं. गवतावर काळवीट आणि चिंकारा जगतात. त्यांच्यावर, आणि धनगरांच्या मेंढ्यांवरही, लांडगा जगतो. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. तिला दूरवर नजर पोचेल अशीच जागा लागते.

आता या माळाकडे 'अजून जंगल न झालेली जमीन' म्हणून पाहिलं, की काय होतं? सरकारी दप्तरात तिची नोंद 'पडीक' अशी होते. मग चर खणून ग्लिरिसिडियासारखी झाडं लावली जातात. सावली पडली की कुसळी मागे हटते, तिच्यामागून चंडोल, काळवीट जातात. हेतू चांगलाच असतो, पण 'पुढची पायरी' ही कल्पना आधीच डोक्यात बसलेली असते. गंमत म्हणजे गवताळ प्रदेश ही अंतिम अवस्था असू शकते, हे खुद्द क्लेमेंट्स यांनाही मान्य होतं!

कुणी म्हणेल, उजाड झालेले डोंगरही आहेतच की. आहेत ना, तिथं झाडं जरूर लावावीत. प्रश्न ओळखण्याचा आहे. जुन्या माळावर खोल मुळांची बारमाही गवतं असतात. एकदा नांगर फिरला, की ती लवकर परतत नाहीत. म्हणून खड्डा खणण्याआधी आपण विचारायला हवं: इथलं जंगल तुटलं आहे, की इथं मुळात माळच होता? गावातल्या म्हाताऱ्या मेंढपाळाला हे पुष्कळदा ठाऊक असतं.

किती चराईनं माळ टिकतो आणि कितीनं उजाड होतो, हे आपण पुढच्या व्याख्यानात पाहू.