इंजिनाच्या तेलाला वारा घालताना

एखाद्या संध्याकाळी पिंपळे गुरवहून निघा, पवना नदी ओलांडा आणि नाशिक फाट्यापाशी थोडा वेळ उभे राहा. भोसरी, चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांतील पाळ्या सुटलेल्या असतात आणि मोटारसायकलींचा लोंढा तुमच्यासमोरून वाहत असतो. त्यात एखादी पल्सर २२० दिसली, तर तिच्या इंजिनाच्या पुढच्या बाजूला नीट पाहा. पातळ पत्र्यांचे असंख्य पापुद्रे असलेली एक छोटी काळी चौकट आणि तिला जोडलेल्या दोन नळ्या तुम्हांला दिसतील. ही चौकट म्हणजे ऑइल कूलर, अर्थात तेल थंड करणारे उपकरण. ही गाडी २००७ साली बाजारात आली. आपल्या परिसरातल्याच बजाज ऑटो कंपनीने ती तयार केली. तिच्या इंजिनाभोवती पाणी खेळत नाही. वारा आणि तेल या दोघांवरच ते थंड राहते.

आता एक कोडे घेऊ. समजा, तुमच्या गल्लीतल्या गॅरेजात एक जुनी, दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार आली आहे. मालकांची तक्रार अशी, की खोपोलीकडून बोरघाट चढताना तेलाचा दाब दाखवणारा काटा खाली येतो. मिस्त्री म्हणतात, "साहेब, तेल तापतंय. जुन्या बाजारातून मोटारसायकलचा कूलर आणतो, थोडक्यात काम होईल." मालकांनी काय करावे? उत्तर देण्याची घाई करू नका. त्यासाठी आधी इंजिनातले तेल काय काम करते हे समजून घेतले पाहिजे.

केसाएवढ्या फटीतले तेल

इंजिनात दट्ट्या वर-खाली होतो आणि त्याच्या जोराने भुजादंड फिरतो. हा जड दंड ज्या धारव्यांत, म्हणजे बेअरिंगांत, फिरतो त्यांत आणि दंडात जेमतेम ०.०५ मिलिमीटर फट असते. माणसाच्या केसाची जाडीही बहुधा याहून जास्तच भरेल! या फटीत पंप सतत तेल पोचवत असतो. फिरता दंड ते तेल आपल्याबरोबर ओढतो आणि तेलाच्या पातळ थरावर तो चक्क तरंगतो. थर शाबूत असेल तोपर्यंत धातूला धातू लागत नाही. थर तुटला, की धारव्याचा मऊ धातू काही क्षणांत खरवडून निघतो, इंजिन ठकठकू लागते आणि शेवटी जाम होते.

हा थर टिकतो तो तेलाच्या दाटपणामुळे. शास्त्रात या गुणाला श्यानता म्हणतात. तेल तापले की ते पातळ होते, म्हणजे त्याची श्यानता घटते. सेंटिस्टोक हे श्यानता मोजण्याचे एक एकक आहे. जुन्या मोटारींत सर्रास वापरल्या जाणाऱ्या २०डब्ल्यू-५० तेलाची श्यानता ४० अंश सेल्सिअसला सुमारे १६० सेंटिस्टोक असते, तर १०० अंशांना ती सुमारे १८ वर येते. १३० अंशांना ती त्याच्याही जवळजवळ निम्मी होते. मग धारव्यांच्या फटींतून तेल भराभर निसटते आणि दाबाचा काटा खाली येतो. शिवाय तापलेल्या तेलाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ते लवकर खराब होते. तापमान दर १० अंशांनी वाढले, की या क्रियेचा वेग साधारणपणे दुप्पट होतो, असा एक ढोबळ आडाखा आहे. म्हणजे १०० ऐवजी १३० अंशांवर तेल सुमारे आठपट वेगाने खराब होईल.

मग जितके गार तितके चांगले?

इथेच बहुतेकांची चूक होते. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि तिचा थोडा अंश दट्ट्याच्या कडेने खाली उतरून तेलात मिसळतो. तेल चांगले तापले, तर हे पाणी वाफ होऊन निघून जाते. तेल नेहमीच कोमट राहिले, तर ते साचते आणि तेलाचा काळपट-पिवळा गाळ बनतो. शिवाय थंड तेल दाट असल्याने ते ढवळण्यातच इंजिनाची शक्ती वाया जाते आणि पेट्रोल जास्त लागते. म्हणूनच मोटारीच्या तेलाचे तापमान साधारण ९० ते ११० अंशांच्या दरम्यान असणे चांगले. पिंपळे गुरवहून सांगवीपर्यंत भाजी आणायला जाणाऱ्या गाडीचे तेल तर धड तापतही नाही. अशा गाडीला ऑइल कूलर लावणे म्हणजे थंडीने कुडकुडणाऱ्याला वारा घालण्यासारखेच आहे.

तेव्हा पहिले काम मोजण्याचे. तेलाच्या टाकीच्या बुडाशी तापमापकाचा संवेदक बसवावा, घाट चढावा आणि आकडा लिहून घ्यावा. तो १०५ अंश आला, तर तेल मुळीच जास्त तापलेले नाही. दाब उतरण्याचे कारण झिजलेले धारवे, थकलेला पंप किंवा जुने झालेले तेल यांपैकी काहीतरी असणार. तिथे कूलर लावला, तर पैसे जातील आणि दुखणे तसेच राहील. आकडा १३० च्या पुढे गेला, तरच कूलरचा विचार करावा.

थोडे गणित

किती उष्णता काढायची, हे तुम्हीसुद्धा काढू शकता. समजा, कूलरमधून मिनिटाला १० लिटर तेल वाहते. एका लिटरचे वस्तुमान ०.८५ किलोग्रॅम धरले, तर मिनिटाला ८.५ किलोग्रॅम तेल गेले. १ किलोग्रॅम तेल १ अंशाने निवण्यासाठी सुमारे २.१ किलोज्यूल उष्णता बाहेर पडावी लागते. कूलरमधून जाताना तेल १० अंशांनी निवले तर,

८.५ × २.१ × १० = १७८.५ किलोज्यूल दर मिनिटाला.

याला ६० ने भागा. उत्तर येते सुमारे ३ किलोवॅट. घरची इस्त्री १ किलोवॅटची धरली, तर तीन इस्त्र्यांची उष्णता ही चौकट सतत वाऱ्यावर सोडते!

आता हेही पाहा. कूलर किती उष्णता देतो, हे तेल आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. मे महिन्यातल्या दुपारी हवा ४० अंश आणि तेल ११० अंश असेल, तर फरक ७० अंश. डिसेंबरच्या पहाटे हवा १२ अंशांवर असेल, तर त्याच तेलासाठी फरक ९८ अंश. म्हणजे उन्हाळ्यासाठी बेताचा असलेला कूलर हिवाळ्यात १.४ पट काम करील आणि तेल नको तितके गार करील. यावर उपाय म्हणजे थर्मोस्टॅट. त्यात मेणाची एक डबी असते. तेल ८०-८५ अंशांच्या आसपास पोचले, की मेण वितळते, फुगते आणि कूलरची वाट उघडते. तोवर जवळजवळ सगळे तेल कूलरला वळसा घालून परस्पर इंजिनात जाते. थर्मोस्टॅट घेतला नाही, तर थोडे पैसे वाचतात, पण ती बचत हिवाळ्यात अंगाशी येते.

तिसऱ्या सिलिंडरची गोष्ट

कूलर कुठे बसवायचा, हाही प्रश्न सोपा नाही. २००९ साली ज्या फोक्सवॅगन कंपनीचा कारखाना चाकणला सुरू झाला, तिच्याच जगप्रसिद्ध बीटल मोटारीचे उदाहरण घ्या. बीटलचे इंजिन वाऱ्यावर थंड होत असे. एक मोठा पंखा धातूच्या आवरणातून चारही सिलिंडरांवर वारा सोडी. तेलाचा कूलरही त्याच आवरणात उभा होता, नेमका तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत. परिणाम काय झाला? तेल निवले, पण तिसऱ्या सिलिंडरला वारा कमी मिळे आणि जो मिळे तोही कूलरने तापवलेला. तो सिलिंडर इतरांपेक्षा जास्त तापे आणि बिघाडही तिथेच अधिक होत. अखेर १९७१ च्या मॉडेलपासून कूलर मागे सरकवून त्याला वाऱ्याची वेगळी वाट देण्यात आली.

पोर्शे ९११ ही स्पोर्ट्स मोटारसुद्धा १९६४ पासून १९९८ पर्यंत वारा आणि तेल यांच्यावरच थंड राहत होती. तिच्या पुढे आलेल्या अधिक जोरदार प्रकारांत इंजिन मागे असूनही एक कूलर पार पुढच्या चाकाजवळ बसवला होता, कारण ताजा वारा तिथे मिळतो. तेल तिथवर नेण्यासाठी लांब नळ्या टाकण्याचा खर्च कंपनीने सोसला.

आपल्या कोड्यातल्या मोटारीत पाण्याचा रेडिएटर आहे. त्याच्या अगदी पुढे कूलर लावला, तर रेडिएटरला गरम वारा मिळेल, म्हणजे बीटलचीच चूक पुन्हा होईल. जागा असल्यास कूलर बाजूला, बंपरखालच्या वाऱ्यात बसवावा आणि पत्र्याची साधी नळकांडी करून वारा थेट त्याच्यावर आणावा. हा पत्रा कापून वाकवण्याचे काम कोणत्याही गॅरेजात स्वस्तात होते. कूलरची तोंडे वर किंवा बाजूला ठेवावीत. ती खाली ठेवली, तर आत हवा अडकून राहते.

चोवीस सेकंद

इंजिनातून तेल बाहेर काढण्याची सोपी जागा म्हणजे तेलाची गाळणी. गाळणी आणि इंजिन यांच्यामध्ये दोन तोंडांची एक जाड चकती बसवतात. गॅरेजात तिला सँडविच प्लेट म्हणतात. एका तोंडातून तेल कूलरकडे जाते, दुसऱ्यातून परत येते. बहुतेक वेळा थर्मोस्टॅटही याच चकतीत असतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या नळ्यांत चालू इंजिनाचा तेलाचा दाब असतो. तो सहज चौरस सेंटिमीटरला ४-५ किलोग्रॅम भरतो आणि थंड इंजिन सुरू करताना त्याहूनही वर जातो. अशा जागी पाण्याची साधी रबरी नळी आणि पट्टी आवळून काम भागवले, तर काय होईल? गरम तेलाने रबर मऊ पडेल आणि एक दिवस नळी निसटेल. इंजिनात ४ लिटर तेल आहे आणि मिनिटाला १० लिटर वाहते आहे. पुन्हा गणित करा: ४ भागिले १०, गुणिले ६०. उत्तर २४ सेकंद! एवढ्या वेळात सगळे तेल रस्त्यावर येईल. त्यातले काही तापलेल्या धुराड्यावर पडले, तर आग लागू शकते. उरलेल्यावरून मागून येणारा मोटारसायकलवाला घसरेल, आणि त्याचा या कूलरशी काहीच संबंध नव्हता.

म्हणून तेल सोसणारी, दाबाची नळीच घ्यावी आणि तिची टोके यंत्रावर दाबून पक्की करून घ्यावीत. हायड्रॉलिक यंत्रांसाठी असे काम करून देणारी दुकाने भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आहेत. नळी कुठे घासत नाही ना, हे पाहावे. काम झाल्यावर ठिणगी बंद ठेवून स्टार्टरने इंजिन थोडे थोडे फिरवावे आणि तेलाचा दाब दिसू लागल्यावरच ते सुरू करावे. मग सारे जोड तपासावेत. कूलर आणि नळ्यांत तेल भरल्याने पातळी उतरते. तेवढे तेल पुन्हा घालावे.

आता कोड्याचे उत्तर

मिस्त्रींच्या जुन्या कूलरचे काय? पल्सर २२० चे इंजिन सुमारे २० अश्वशक्तीचे. कोड्यातली मोटार समजा ९० अश्वशक्तीची. साडेचारपट ताकदीच्या इंजिनाला तो कूलर पुरणार नाही. त्याच्या वाटाही मोटारीच्या तेलाला अरुंद पडतील आणि दाब आणखी घटेल. तिसरे कारण सर्वांत मोठे. तो कूलर ज्या गाडीतून निघाला, तिचे इंजिन खरवडून जाम झाले असेल, तर धातूचा कीस त्याच्या बारीक वाटांत अडकलेला असतो. तो धुऊन पूर्ण निघत नाही. पुढे तोच कीस नव्या धारव्यांत जाऊन बसतो. ज्या इंजिनाला वाचवायचे, त्यालाच हा स्वस्त कूलर मारील.

तेव्हा मालकांनी आधी तापमान मोजावे. कूलर खरोखर लागत असेल, तर तो साधा, पण नवा आणि योग्य मापाचा घ्यावा. नावाजलेल्या शिक्क्यासाठी जादा पैसे मोजायला नकोत, पत्र्याची वाट गॅरेजातच करावी. पण नळ्या, जोड आणि थर्मोस्टॅट यांत हात आखडू नये. शेवटी पुन्हा तोच घाट, तशाच हवेत चढून आकडा लिहावा. दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय सुधारणा झाली असे म्हणता येत नाही.

करून पाहा

एका उंच, अरुंद काचेच्या बाटलीत एरंडेल भरा. सायकलच्या पेडलमधला एक छोटा छर्रा त्यात सोडा आणि तो बुडाशी पोचायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग बाटली बर्फाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून हाच प्रयोग करा. नंतर बाटली साध्या तापमानावर येऊ द्या आणि ती हळूहळू गरम केलेल्या, सुमारे ६० अंशांच्या पाण्यात ठेवून तिसऱ्यांदा करा. तेल थेट आचेवर कधीही तापवू नका. गरम पाण्याचे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा. तापमान आणि वेळ यांचा आलेख काढा. तो सरळ रेषा येतो का?

एरंडेलच का, असे विचाराल. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या इंजिनांत वंगण म्हणून हेच तेल वापरीत, आणि कॅस्ट्रॉल हे नावही एरंडेलाच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नावावरूनच आले आहे. आजीच्या कपाटातली ही बाटली एके काळी आकाशात उडत होती!