मौखिक इतिहासाचे ध्वनिमुद्रण : जतनाची प्रत आणि समाजमाध्यमांवरील प्रत

प्रस्तावना :

वडोदरा जिल्ह्यातील सावली हे तालुक्याचे गाव गायकवाड घराण्याच्या आरंभीच्या इतिहासाशी जोडलेले आहे. १७३२ मध्ये डाकोर येथे पिलाजीराव गायकवाड यांची हत्या झाली आणि त्यांच्यावर सावली येथे अंत्यसंस्कार करण्यात आले. ही घटना ग्रंथांत नोंदली गेली. परंतु कोणत्याही गावातील घराघरांतल्या हकिकती, लग्नातील गाणी, जुने शब्द आणि त्यांचे उच्चार हे वृद्धांच्या तोंडीच असतात. आज शाळकरी विद्यार्थीसुद्धा मोबाइलवर त्यांचे ध्वनिमुद्रण करू शकतो. खरी अडचण त्यानंतर येते. फाइल एक्स्पोर्ट करताना संगणक फॉरमॅट, सॅम्पल रेट, बिटरेट, मोनो की स्टिरिओ असे प्रश्न विचारतो आणि त्यांची उत्तरे बहुधा अंदाजाने दिली जातात. बोलणारी व्यक्ती हयात नसेल तर ते मुद्रण पुन्हा करता येत नाही. म्हणून या निवडीचा विचार येथे केला आहे.

वडोदऱ्याचे उदाहरण :

वडोदरा संस्थानात १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या नेतृत्वाखाली गायनशाळा सुरू झाली. त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली होती. स्वरलिपीमुळे चीज कागदावर उतरली. गायकाचा आवाज मात्र उतरला नाही. वडोदऱ्याचे दरबारगायक उस्ताद फैयाज खाँ १९५० मध्ये निवर्तले. त्यांचा आवाज आज ऐकता येतो तो ७८ फेऱ्यांच्या तबकड्या व आकाशवाणीची मुद्रणे यांमुळे. त्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटेच मावत, त्यामुळे रागाचा विस्तार आखडून गावा लागे. प्रत्येक साधन काही राखते व काही गाळते. संगणकावरील एक्स्पोर्टलाही हाच नियम लागू आहे.

दोन प्रती, दोन हेतू :

वेव्ह प्रकारच्या फाइलमध्ये ध्वनी न दाबता साठवला जातो. एमपी३, एएसी व ओपस या प्रकारांत कानाला सहसा न जाणवणारा भाग गाळून फाइल लहान केली जाते. गाळलेला भाग परत मिळत नाही. एमपी३ची पुन्हा वेव्ह केली तरी केवळ आकार वाढतो. तसेच एमपी३ उघडून, कापून पुन्हा एमपी३ केल्यास दुसऱ्यांदा गाळणी होते. म्हणून जतनाची प्रत वेगळी ठेवावी आणि प्रसारणाची प्रत प्रत्येक वेळी तिच्यापासूनच काढावी.

ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शनानुसार जतनाच्या प्रतीसाठी किमान ४८,००० सॅम्पल रेट व २४ बिट अपेक्षित आहेत. अशी अर्ध्या तासाची मोनो फाइल सुमारे २५९ एमबीची होते. तेच संभाषण ६४ केबीपीएस बिटरेटच्या एमपी३मध्ये सुमारे १४ एमबीत मावते. पहिली कपाटासाठी, दुसरी वाटण्यासाठी. मोबाइलने मुळातच दाबलेली फाइल दिली असेल, तर तीच जशीच्या तशी जतन करावी.

एक्स्पोर्ट करताना घ्यावयाचे निर्णय :

१) सॅम्पल रेट : एका सेकंदात ध्वनीचे किती नमुने घेतले, हे यावरून कळते. नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्यापर्यंतची कंपने नोंदली जातात. मानवी कान सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. म्हणून सीडीसाठी ४४,१०० हा दर पुरेसा ठरला. व्हिडिओबरोबर जाणाऱ्या ध्वनीस ४८,००० ठेवावा.

२) मोनो की स्टिरिओ : एका माइकवर घेतलेली मुलाखत मोनोच असते. ती स्टिरिओ केल्याने नवीन काही मिळत नाही. उलट तेच बिट दोन वाहिन्यांना पुरवावे लागतात.

३) बिटरेट : बोलण्यासाठी मोनो ६४ ते ९६ केबीपीएस पुरते. गाण्यासाठी स्टिरिओ १९२ किंवा अधिक ठेवावा. जुन्या तबकडीबाबत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिचा आवाज मोनो व मर्यादित पट्ट्यातील असतो, म्हणून कमी बिटरेट चालेल असे वाटते. परंतु तबकडीची खरखर दाबण्यास कठीण असते. ती बरेच बिट खाऊन टाकते आणि तानपुऱ्याचा नाद पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येतो. अशा मुद्रणास मोनोतही १२८ च्या खाली जाऊ नये.

४) पातळी : आवाजाचे सर्वोच्च टोक शून्य डेसिबलच्या किमान एक डेसिबल खाली राहावे. दाबण्याच्या प्रक्रियेत टोके थोडी वर सरकतात व आवाज फाटू शकतो.

माध्यमानुसार निवड :

यूट्यूब केवळ ध्वनीची फाइल स्वीकारत नाही. एखादे छायाचित्र जोडून व्हिडिओ करावा लागतो. त्यासाठी यूट्यूबने एएसी प्रकार आणि स्टिरिओस ३८४, मोनोस १२८ केबीपीएस सुचवले आहेत. येथे बिटरेट उदार ठेवण्याचे कारण असे, की यूट्यूब आलेली फाइल पुन्हा दाबते. आधीच फार दाबलेली फाइल दिल्यास गाळणीवर गाळणी होते. फार मोठा आवाज यूट्यूब आपोआप खाली आणते, मात्र हळू आवाज वर उचलत नाही. म्हणून पातळी आधीच नीट बसवावी.

व्हॉट्सअ‍ॅपवरील व्हॉइस मेसेज कमी बिटरेटचा असतो. निरोपासाठी तो ठीक, मुलाखतीसाठी नव्हे. तयार फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास ती न बदलता पोहोचते. तरीही कमी डेटा व साधा मोबाइल असणाऱ्या श्रोत्याचा विचार करून मोठ्या मुलाखतीचे दहा-दहा मिनिटांचे भाग करावेत. ६४ केबीपीएसमध्ये असा भाग पाच एमबीच्या आत बसतो. पाठवण्यापूर्वी फाइल मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून पाहावी, कारण बहुतेकांच्या कानावर ती तशीच पडणार असते.

निष्कर्ष :

सर्व ठिकाणी चालेल अशी एकच सेटिंग नाही. बोलणे आहे की गाणे, श्रोता कोण आणि फाइल पुढे पुन्हा दाबली जाणार का, या तीन प्रश्नांवरून उत्तर ठरते. शाळा-महाविद्यालयांनी असे प्रकल्प घेताना वक्त्याची संमती, त्याचे नाव, गाव व तारीख यांची नोंद फाइलसोबत ठेवावी आणि जतनाची प्रत किमान दोन ठिकाणी साठवावी. वाटलेली प्रत हरवली तर दुसरी काढता येते. मूळ प्रत पुसली गेली तर त्या वृद्धाचा आवाज कायमचा गेला असे समजावे.